गव्हाची संख्या 'ग' : प्रकल्प नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

भाऊबीजेला ताई आली ती भाचीला आमच्याकडे ठेवून चाळीसगावला परत गेली. भाची नववीत. सुट्टीत गणिताचा प्रकल्प करून न्यायचाय, आणि विषय बाईंनीच दिलाय: बुद्धिबळाचा पट आणि गहू. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत ६४ घरं. राजाची फजिती सगळ्यांना पाठ आहे. एक तक्ता, चार रंगीत पेनं, की झाला प्रकल्प.

तिनं माझ्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये बेरीज मारली. उत्तर आलं १८४४६७४४०७३७०९६०००००. ती ते तक्त्यावर उतरवायला बसली तेव्हा मी विचारलं, "पहिल्या घरात किती दाणे?"

"एक."

"बाकीच्या सगळ्या घरांत सम. मग बेरजेच्या शेवटी शून्य कुठून आलं?"

तिनं पेन खाली ठेवलं. एक्सेल १५ अंकांपर्यंत धरून ठेवतं, पुढं शून्यं भरून मोकळं होतं. खरं उत्तर नेटवर एका टिचकीत मिळतं, पण मी ३१ वर्षं रोखपाल होतो. दुसऱ्यानं मोजलेली गड्डी पुन्हा मोजल्याशिवाय पेटीत टाकायची सवय नाही. ठरलं, हातानं काढायचं.

आज एवढंच झालं: ६४ आकड्यांची बेरीज मांडायची गरज नाही हे तिच्या लक्षात आलं. बेरीज दुप्पट केली की प्रत्येक घर एकानं पुढं सरकतं. त्यातून मूळ बेरीज वजा केली की मधलं सगळं कटतं आणि उरतं ६५व्या घरातलं (ते घर पटावर नाहीच) वजा पहिल्या घरातला एक दाणा. म्हणजे २^६४ − १. वहीत हिला 'ग' म्हणायचं. गव्हाचा ग.

२६ ऑक्टोबर, रविवार

२^६४ साठी ६३ वेळा दुप्पट करायचीही गरज नाही. ६४ निम्मे करत गेलं तर ३२, १६, ८, ४, २, १. सहा पायऱ्या. उलट येताना प्रत्येक पायरीला वर्ग: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, आणि शेवटचा वर्ग म्हणजे आपली संख्या. ही युक्ती पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. लघु-गुरूंच्या एकूण रचना किती, हे मोजताना त्यानं 'निम्मे कर, वर्ग कर' हेच सूत्रात बांधलं. अल्-बिरुनी या विद्वानानं हजार वर्षांपूर्वी पटाची हीच बेरीज वर्गावर वर्ग करून काढली आणि एक वजा केला. म्हणजे आम्ही काही नवं करत नाही, पण जुन्या वाटेनं चाललोय याचा आनंद वेगळाच.

पाचव्या वर्गापर्यंत भाचीनं केलं. शेवटचा मी रात्री जेवणानंतर केला. उत्तर: १८४४६७४९४८५३६८७४१४७६. नवाची कसोटी लावली (९ नं भागून बाक्या ताडायच्या), जुळली. अकराची लावली, तीही जुळली. खुशीत झोपलो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर चूक.

सकाळी भाची म्हणाली, "मामा, हा दोनचा घात आहे ना? मग निम्मे करत जाऊ या, शेवटी एक आला पाहिजे." पहिल्यांदा निम्मे: ९२२३३७४७४२६८४३७०७३८. दुसऱ्यांदा: ४६११६८७३७१३४२१८५३६९. विषम! ६४ वेळा निम्मी व्हायला हवी ती दोनदातच अडली.

चूक तासाभरानं सापडली. ४२९४९ ६७२९६ असे दोन तुकडे पाडून वर्ग करत होतो, आणि दुसरा तुकडा उतरवताना ६७९२६ लिहिला होता. आकडे उलटे पडले! बँकेत हे रोजचं. टोटल जुळत नसेल आणि फरकाला ९ नं भाग जात असेल, तर कुठंतरी दोन अंकांनी जागा बदलल्यात. इथं फरक ६३०, म्हणजे ९ × ७०. अशी चूक नवाच्या कसोटीला दिसत नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर अकराची लावली होती. तीही कशी फसली? खऱ्या संख्येची ११ नं बाकी ४, चुकलेलीची ७. वर्ग १६ आणि ४९. दोघांचीही ११ नं बाकी ५. चार आणि सात मिळून अकरा होतात म्हणून हा घोळ. इतकी वर्षं रोकड सांभाळून दोन्ही पहारेकऱ्यांना एकदम चकवणारी चूक मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझीच.

आता नीट:
४२९४९ चा वर्ग १८४४६१६६०१, पुढं दहा शून्यं.
४२९४९ × ६७२९६ ची दुप्पट ५७८०५९१८०८, पुढं पाच शून्यं.
६७२९६ चा वर्ग ४५२८७५१६१६.
बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६.

एक वजा: ग = १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

निम्मे करण्याचं काम भाचीनं पूर्ण ६४ वेळा केलं. तीन पानं गेली. शेवटी १ आला तेव्हा तिनं त्याभोवती चौकट काढली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ही वाचायची कशी? आमच्याकडं अब्जाच्या पुढं कुणी बोलत नाही. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एक ते परार्ध अशी अठरा स्थानांची नावं दिलीत. कोटीपासून वरची अशी: कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. ग ला २० अंक, म्हणजे नावं संपली तरी दोन अंक उरतात. तरी वाचता येते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी ९५ लाख ५१ हजार ६१५. निखर्वाच्या जागी शून्य.

भाचीला यात आपला गाव सापडला. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तसा शिलालेख तिथं आहे. पाटणादेवीला ती दहा वेळा गेलीय, शिलालेखाचं कुणी सांगितलं नव्हतं.

वजनाचं लवकर उरकलं. आमच्या हिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर हजार दाणे तोलले, ४१ ग्रॅम भरले. त्या हिशोबानं ग दाणे म्हणजे साधारण ७५६ अब्ज टन. जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, तेव्हा साडेनऊशे वर्षांचं पीक. बहुतेक तक्ते इथं येऊन थांबतात. मला विचाराल तर हा गव्हाचा गुण झाला. संख्येचा नव्हे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज संख्येकडं वळलो. बाईंनी 'गुणधर्म लिहा' असं म्हटलंय. भाचीनं पहिला लिहिला: शेवटी ५, म्हणून ५ नं भाग जातो. दुसरा: अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ नं जातो, ९ नं नाही. पुढं गाडी थांबली. वीस अंकी संख्या, सातनं बघ, अकरानं बघ, तेरानं बघ, असं किती बघणार?

मी म्हटलं, अंकांकडं बघूच नकोस, ती बनली कशी ते बघ. २^६४ हा २^३२ चा वर्ग. वर्गातून एक वजा. आठवीतलं सूत्र.

तिनं दोन सेकंद माझ्याकडं पाहिलं आणि मग लिहीतच सुटली. (२^३२ + १)(२^३२ − १). दुसऱ्या कंसाचं पुन्हा तेच. कंसातून कंस निघत गेले:

ग = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

"मामा, हे तर फसवणूक वाटतंय. इतकी मोठी आणि अशी सुटली?"

एक वजा केल्यामुळं सुटली. हे मी तिला सांगितलं नाही; पुढं कामाला येईल.

१ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा अवयव ४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? फ्रेंच गणिती फर्माला वाटायचं की आहे. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या सगळ्या मूळ, प्रत्येक २^१, २^२, २^४, २^८, २^१६ अधिक एक. म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असा १६४० च्या सुमारास त्याचा कयास होता. १७३२ साली ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की पुढचीच नाही.

आम्ही पण शोधायचं ठरवलं, पण ऑयलरचा नियम उसना घेऊन: हिला भागणारी कोणतीही मूळ संख्या ६४ च्या पटीहून एकनं जास्त असते. ल्युकासनं १८७८ मध्ये तो आणखी आवळला, १२८ च्या पटीहून एकनं जास्त. म्हणजे उमेदवार फक्त १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१... त्यात १२९ ला ३ नं भाग जातो, ३८५ ला ५ नं, ५१३ ला ३ नं. राहिली २५७. पण २५७ ही याच घराण्यातली, आणि या घराण्यातल्या दोघींत सामाईक अवयव नसतो. कारण सोपं आहे: आधीच्या सगळ्यांचा गुणाकार केला की पुढची वजा २ येते. सामाईक काही असलंच तर त्यानं २ ला भागलं पाहिजे, आणि या सगळ्या विषम. म्हणून २५७ बाद.

पहिला खरा भागाकार ६४१ चा. भाचीनं पाटीवर केला. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. नऊ उतरवले, ४४८९ मध्ये सात वेळा, बाकी २. सहा उतरवले, २६, भाग जात नाही, शून्य. सात उतरवले, २६७, पुन्हा शून्य. दोन उतरवले, २६७२ मध्ये चार वेळा, बाकी १०८. नऊ उतरवले, १०८९ मध्ये एकदा, बाकी ४४८. सात उतरवले, ४४८७. ६४१ × ७ = ४४८७. बाकी शून्य.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

पहिल्याच भागाकारात! फर्मानं हा एवढा भागाकार कसा केला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

संध्याकाळी तिला भागाकाराशिवायची वाट दाखवली. ६४१ दोन तऱ्हेनं लिहिता येते: ५ × २^७ + १, आणि ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. आता सगळं ६४१ च्या बाकीत बोलायचं, म्हणजे ६४१ ला शून्य धरायचं. पहिल्या तऱ्हेनं ५ × २^७ म्हणजे −१. चौथा घात केला की ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्या तऱ्हेनं ५^४ म्हणजे −२^४. ते घातलं की −२^३२ म्हणजे १. म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. चार ओळी. तिनं त्या वहीत दोनदा उतरवल्या, दुसऱ्यांदा न बघता.

२ नोव्हेंबर, रविवार

६७००४१७ मूळ आहे हे सिद्ध करायला मला वाटलं आठवडा जाईल. वर्गमूळ २५८८ च्या पुढं, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या? पण कालचाच नियम इथंही लागू. १२८ च्या पटीहून एकनं जास्त अशा, २५८८ च्या आतल्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. त्यातली २५७ कालच बाद. उरले चार भागाकार. बाक्या: ४४, १२०, ३३४, ६२२. शून्य कुठं नाही. मूळ!

चहा थंड व्हायच्या आत झालं.

ग = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. विभाजक २ × २ × ... सात वेळा, म्हणजे १२८. ते १२८ लिहून काढायचा भाचीचा बेत होता, मामीनं हाणून पाडला. उद्यापासून शाळा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भाची गेली. वही माझ्याकडं, फोन रात्री नऊला.

आज देवळालीला काम होतं. रिक्षात बसल्या बसल्या कापरेकर आठवले. आमच्या नाशिकची माणसं त्यांचा ६१७४ हा आकडा म्हटलं की छाती फुगवतात. द. रा. कापरेकर देवळालीतच शाळामास्तर होते. अंकांशी खेळत राहिले, आणि संख्यांना नावं ठेवली ती अस्सल आपल्याकडची: अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती हर्षद, आणि कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू.

मग ग हर्षद आहे का? अंकांची बेरीज ८७ = ३ × २९. अवयवांच्या यादीत २९ नाही. हर्षद नाही.

स्वयंभू? हे जास्त रंगलं. जिच्यात तिचीच अंकबेरीज मिळवली की ग येते अशी संख्या शोधायची. शेवटचे तीन अंक सोडून ग च्या अंकांची बेरीज ७५. म्हणजे असे शेवटचे तीन अंक हवेत की ते अधिक त्यांची बेरीज अधिक ७५ मिळून ६१५. अर्थात तीन अंकी संख्या अधिक तिची अंकबेरीज ५४०. ५२६ ला ५३९ येतात, ५२७ ला ५४१. हुकलं. स्टँडवर उतरेपर्यंत सापडली: ५३१, बेरीज ९, मिळून ५४०. तेव्हा १८४४६७४४०७३७०९५५१५३१ मध्ये तिची अंकबेरीज ८४ मिळवा, ग हजर. स्वयंभूही नाही, जनक निघाला.

रात्री भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "पण मामा, हे दहाच्या पद्धतीमुळं ना? द्विमान पद्धतीत, फक्त ० आणि १ नं लिहिलं तर, ग म्हणजे नुसते ६४ एक. बेरीज ६४. आणि ग विषम, म्हणजे तिथंही हर्षद नाही. पण ते 'नाही' वेगळंच आहे."

बरोबर बोलली. वहीत दोन रकाने पाडले: 'संख्येचे' आणि 'अंगरख्याचे'. अवयव पहिल्यात; ८७, हर्षद, जनक दुसऱ्यात. कापरेकरांचा बहुतेक खेळ दुसऱ्या रकान्यातला आहे, आणि तरी मला त्यात जास्त मजा येते हे कबूल करतो.

९ नोव्हेंबर, रविवार

भाचीनं आलेख कागदावर मेरुप्रस्तार काढला: टोकाला १, खाली प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. तिनं आकडे लिहिलेच नाहीत. विषम असेल तर घर काळं, सम असेल तर कोरं. वरची दोन घरं वेगळ्या रंगाची तर खालचं काळं. ६४ ओळी.

फोटो आला. ६४वी ओळ पूर्ण काळी हवी, तिच्यात सोळा कोरी घरं. ती रडवेली. मी म्हटलं, मधल्या ओळी बघ. ३२वी पण पूर्ण काळी हवी. ती होती. म्हणजे चूक खालच्या निम्म्यात. ४१व्या ओळीत एक घर चुकून भरलं होतं, तिथून बिघाड पसरत गेला. ४१ पासून पुन्हा.

आता ओळी द्विमानातल्या संख्या म्हणून वाचायच्या, काळं १, कोरं ०. पहिली १, मग ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... आणि ६४वी, सगळी काळी: ग.

यातली गंमत मधे आहे. दुसऱ्या ओळीपासून ३२व्या ओळीपर्यंत ज्या ३१ संख्या येतात, तितक्या बाजूंच्या सुसम आकृत्या नुसत्या पट्टी-कंपासनं काढता येतात. तीन, पाच, पंधरा, सतरा. सतराची जर्मन गणिती गाउसनं १७९६ मध्ये दाखवली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ६५५३७ बाजूंच्या आकृतीवर हर्मीस नावाच्या जर्मन गृहस्थानं दहा वर्षं घातली म्हणतात. निवृत्तीनंतर लोक काय काय करतात, म्हणणाऱ्या आमच्या हिला हे ऐकवलं. ३३व्या ओळीत दोन टोकांना दोन काळी घरं, मधे सगळं कोरं. ती ४२९४९६७२९७. इथं साखळी तुटते, कारण ती मूळ नाही. ६४१ मुळं. भाचीनं त्या ओळीच्या शेजारी लाल पेनानं नुसतं '६४१' लिहिलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रकल्प दिला. बाईंनी मेरुप्रस्तार भिंतीवर लावला. वजनाचं पान कुठाय म्हणून विचारलं, ते तिनं घातलंच नव्हतं. दहापैकी आठ.

माझं मात्र संपेना. ग मध्ये दोन मिळवा: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. म्हणजे २^६४ + १, त्याच घराण्यातली पुढची. दिसायला जुळी बहीण, शेवटच्या अंकाचा काय तो फरक. पण वजा एक असली की कंस सुटतात, अधिक एक असली की सुटत नाहीत. ग आम्ही तीन दिवसांत सोडवली. हिचे अवयव क्लाउसेन या गणितज्ञानं १८५५ मध्ये काढले, आणि लँड्रीनं १८८० मध्ये पुन्हा, वयाच्या ८२व्या वर्षी: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. गुणाकार करून पाहिला, बरोबर आहे.

उत्तर माहीत असलं तरी चालत जाऊन तिथं पोचायचंय. इथं उमेदवार २५६ च्या पटीहून एकनं जास्त. २७४१७७ ही १०७१वी. भागाकार करायचा नाही, बाकीचा वर्ग करत जायचं. उदाहरणार्थ ७६९: ६५५३६ (म्हणजे २^१६) ची बाकी १७१. तिच्या वर्गाची बाकी १९. १९ चा वर्ग ३६१, अधिक १, ३६२. शून्य नाही, पुढं चला. तीन ओळींत निकाल.

१३वी, ३३२९: बाकी २९८९.
३०वी, ७६८१: बाकी ५५६५.
मधल्या सगळ्या संयुक्त, तपासल्या.

उद्या ३१वी, ७९३७.